एका सीटची गाडी

मंगळवारी सकाळी माझे यजमान गेले. ते खुर्चीत बसले होते. चहा झाला होता. मी स्वयंपाकघरातून विचारलं, पोळ्या किती करू. उत्तर आलं नाही. डॉक्टर आले, त्यांनी कागदावर सही केली. दुपारी वैकुंठ स्मशानभूमीत नेलं.

भेटायला येणारी माणसं आवाज उतरवून विचारायची, "गाडीवरून का?"

"नाही," मी म्हणायचे. "खुर्चीवरून."

त्यांची जराशी निराशा व्हायची. त्यात त्यांचा दोष नव्हता. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत, पाण्याच्या पंपाशेजारी जी मोटारसायकल उभी होती, ती पाहिल्यावर कोणालाही तसंच वाटलं असतं. पांढरी टाकी, तिच्यावरून गेलेला लाल पट्टा आणि पट्ट्यावर सोनेरी सही. सही एका परदेशी स्टंट करणाऱ्या मोटारसायकलस्वाराची होती. बसगाड्यांच्या रांगेवरून, नदीवरून, एकदा तर एका धावत्या मालगाडीवरून मोटारसायकल पलीकडे नेण्यात या गृहस्थाने आयुष्य घालवलं. बऱ्याचदा ती पलीकडे गेली, काही वेळा नाही गेली. एवढं करून तो म्हातारा झाला आणि अंथरुणात वारला. त्याच्या सन्मानार्थ कंपनीने मोजक्याच गाड्या काढल्या. प्रत्येक गाडीच्या हँडलवर एक पितळी पट्टी, पट्टीवर त्या गाडीचा क्रमांक. याला लिमिटेड एडिशन म्हणतात. पुस्तकांच्या बाबतीत हे मला माहीत होतं. मोटारसायकलींच्या बाबतीत ते यांच्यामुळे कळलं.

हे विमा कंपनीत होते. अपघात झालेली वाहनं पाहायची, आणि त्यातलं काय अपघातात मोडलं व काय आधीच मोडलेलं होतं हे ठरवायचं, असं त्यांचं काम होतं. नोकरीभर हेच पाहिल्यामुळे ते स्वतः चाळीसच्या वर गाडी नेत नसत. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला तेव्हा तो बघायला हेही गेले होते, हेल्मेट घालून.

आमच्याकडे स्कूटर होती. एक जुनी झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. लग्नापासून मी तिच्या मागच्या सीटवर बसले. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होते. सकाळी हे मला फाटकाशी सोडत आणि पुढे आपल्या कामाला जात. आम्हाला मूल झालं नाही, त्यामुळे पुढे उभं राहायला कोणी आलं नाही, आणि मागची जागा कायम माझीच राहिली. स्कूटरवर आम्ही फारसं बोलत नसू. वळण आलं की मी हात दाखवायचे, कारण इंडिकेटरवर यांचा विश्वास नव्हता.

त्या परदेशी स्वाराची ओळख यांना निवृत्तीनंतर झाली. जुन्या चित्रफिती संगणकावर सापडायला लागल्या होत्या. जेवण झालं की हे बसायचे आणि मला हाक मारायचे.

"अगं, इकडे ये. हे बघ. इथे तो पडतो."

"उडी कुठे गेली?"

"उडी सगळेच बघतात. तू पडणं बघ."

मी बघायचे. माणूस आणि गाडी वेगवेगळे होऊन बराच वेळ जमिनीवरून घरंगळत जायचे.

"लागलं का त्याला?"

"लागणारच. पण हात बघ. हात पुढे टाकला नाही त्याने. आपल्याकडे पडणारा प्रत्येक माणूस हात पुढे टाकतो आणि मनगट मोडून घेतो. माझ्या फायली नुसत्या मनगटांनी भरलेल्या होत्या."

"आणि याचा विमा?"

"याचा विमा कोण उतरवणार?" हे म्हणाले, आणि त्यांना इतकं हसू आलं की चष्मा काढून पुसावा लागला. मी त्यांना इतकं हसताना फार थोड्या वेळा पाहिलं होतं.

मग कंपनीने ती गाडी जाहीर केली. आधी नावं नोंदवायची, त्यातून काही निवडली जाणार. यांनी नाव नोंदवलं. नंबर लागणार नाही अशी माझी खात्री होती, म्हणून मी काही बोलले नाही. नंबर लागला.

गाडी आणायला आम्ही दोघं शोरूममध्ये गेलो. तिथल्या पोरांनी केक आणला होता आणि दोन हार. एक पोरगा यांच्या गळ्यात हार घालायला पुढे आला.

"गाडीला घाला," हे म्हणाले. "मला एवढ्यात नको."

मी गाडीभोवती एक फेरी मारली. सीट एकच होती. तिच्यामागे, जिथे माझी जागा असायला हवी होती, तिथे पांढऱ्या रंगाचा गुळगुळीत उंचवटा होता.

"अहो, मी कुठे बसायचं?"

"ही एकट्याची गाडी आहे. त्याची मूळ गाडी अशीच होती."

"ते झालं. पण मी?"

"तुला स्कूटर आहे की."

"मला स्कूटर चालवता येत नाही."

यांनी थोडा विचार केला. "रिक्षा आहेत," म्हणाले.

मी रिक्षाने घरी आले. हे मागून गाडीवर आले. रिक्षा आधी पोचली.

त्यानंतर रविवारी सकाळी हे गाडी घेऊन खडकवासल्यापर्यंत जाऊ लागले. धरणाशी थांबून एक भाजलेलं कणीस खायचं आणि परत यायचं. दीड तास लागायचा. जोरात नेली असती तर तासात झालं असतं, पण नदीवरून उडवल्या गेलेल्या गाडीचा हा वंशज आमच्याकडे चाळीसनेच चालत होता. त्या दीड तासात मी वाचायचे. चांगलं वाचन व्हायचं. असे पुष्कळ रविवार गेले, आणि मग तो मंगळवार आला.

दहाव्याला आम्ही ओंकारेश्वराजवळच्या घाटावर गेलो. पूर्वी बायका जात नसत, आता जातात. विधी करायला माझे धाकटे दीर बसले होते. ते वारज्याला राहतात. सरकारी खात्यातून निवृत्त झालेत आणि यांच्यापेक्षा सर्व बाबतींत मोकळे आहेत. माझी जाऊही आली होती. पिंड ठेवला, आम्ही लांब उभे राहिलो आणि कावळ्याची वाट पाहू लागलो.

हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कावळ्याने पिंडाला चोच लावली म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिलेली नाही. तो येत नसेल तर काही तरी राहिलं आहे. ते काय, हे घरच्यांनी ओळखायचं आणि पुरं करू असं मोठ्याने सांगायचं. बरोबर ओळखलं तर कावळा येतो.

कावळे भरपूर होते. शेजारच्या कुटुंबाने पिंडाबरोबर बटाटेवडे ठेवले होते आणि सगळे कावळे तिकडे होते.

"दादा," दीर हात जोडून म्हणाले, "वहिनींची काळजी करू नकोस. आम्ही आहोत."

कावळ्यांनी मान वळवली नाही.

"त्यांना काही कमी पडू देणार नाही."

काही झालं नाही.

"अहो, नीट सांगा ना," जाऊ म्हणाली. "ऑफिसात टिपणी वाचल्यासारखं काय सांगता!"

"दादा, वहिनींना एकटं वाटू देणार नाही. दर आठवड्याला येऊ."

"दर आठवड्याला?" जाऊ म्हणाली.

"पंधरा दिवसांनी येऊ," दिरांनी दुरुस्ती केली.

एक कावळा उडाला आणि पलीकडच्या भिंतीवर जाऊन बसला. गुरुजींनी मोबाइलमध्ये वेळ पाहिली. त्यांना पुढे आणखी एक दहावा होता. "फार तर दर्भाचा कावळा करू आणि शिववू," ते म्हणाले. "चालतं शास्त्रात. पण आवडीचं असं काही होतं का त्यांच्या? आठवून बघा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला काही सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी कावळ्याला सांगितलं नसतं. मग दीर एकदम पुढे झाले.

"दादा! गाडी विकणार नाही. चालवत ठेवू!"

भिंतीवरचा कावळा खाली आला आणि खाऊ लागला.

"झालं," गुरुजी म्हणाले. "उचला आता."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. जाऊने माझा हात दाबला. "बघितलंत वहिनी? गाडीत जीव अडकला होता हो त्यांचा."

कावळ्यावर माझा विश्वास नाही. शेजारचे बटाटेवडे त्याच सुमारास संपले होते, हे मी पाहिलं होतं. तरीही घरी आल्यावर मला राग आला, आणि तो कावळ्याचा नव्हता. माझं नाव तीनदा घेतलं गेलं होतं, वेगवेगळ्या वाक्यांत, आणि कोणी हललं नव्हतं. गाडीचं नाव एकदाच घेतलं. इतकी वर्षं मागे बसल्यावर, या माणसाला जे हवं होतं त्यात मी होते की नव्हते, हा प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला. हा प्रश्न ज्याला विचारायचा तोच माणूस नव्हता. एरवीही त्यांनी काय उत्तर दिलं असतं हे सांगता येत नाही. रिक्षा आहेत, असंही म्हणाले असते.

तेरावा झाल्यावर दीर शब्द पाळायला आले. शब्द चालवत ठेवण्याचा होता, आणि चालवणारं दुसरं कोणी नव्हतं.

"वहिनी, सोपं असतं हे. कॉलेजात असताना मित्राची चालवली होती मी."

"ते कॉलेजही आता पाडलं," जाऊ म्हणाली.

दिरांनी यांचं हेल्मेट घातलं, गाडी चालू केली, पंपापासून फाटकापर्यंत नेली आणि फाटकाशी वळवताना पाडली. हात पुढे टाकला. मनगट लचकलं. गाडीचा क्लचचा दांडा वाकला आणि सोनेरी सहीच्या शेपटावर एक ओरखडा उठला. वरच्या मजल्यांवरून चार-पाच जण गॅलरीत आले आणि कोणाला विशेष झालं नाही असं पाहून आत गेले.

"दादांनी जन्मभर पडण्याचा अभ्यास केला," मनगटाला बर्फ लावताना जाऊ म्हणाली, "तुम्ही प्रात्यक्षिक करून दाखवलंत."

त्याच आठवड्यात एक तरुण मुलगा भेटायला आला. अशा गाड्या बाळगणाऱ्यांचा पुण्यात एक गट आहे, त्यातला तो होता. भर दुपारी त्याने कातडी जॅकेट घातलं होतं. मी पाणी दिलं, ते तो दोन तांबे प्यायला. मग त्याने गाडी पाहायला मागितली आणि ओरखड्यापाशी उकिडवा बसून राहिला.

"मॅडम, हे फार वाईट झालं."

"हो. त्यांच्या मनगटालाही लागलं."

"ओह. सॉरी. मला तसं म्हणायचं नव्हतं." तो उठला. "पण बाकी कंडिशन एकदम ओरिजिनल आहे. मी ही घ्यायला तयार आहे. काकांचं नाव आमच्या ग्रुपमध्ये राहील."

विकायची नाही असं कबूल केलंय, हे मी त्याला सांगितलं. कोणाला कबूल केलंय ते सांगितलं नाही. मग म्हटलं, "मी हिला मागे सीट बसवून घेणार आहे."

हे मी आधी ठरवलं नव्हतं. बोलताना ठरलं.

त्याचा चेहरा दिरांच्या मनगटासारखा झाला. "मॅडम, प्लीज असं करू नका. सिंगल सीट हाच तर पॉइंट आहे हिचा. लेजंड एकटा होता."

"त्याचं लग्न झालं नव्हतं?"

"झालं होतं." त्याने जरा आठवलं. "दोनदा."

"मग त्या कुठे बसायच्या?"

त्याला हे कधी कोणी विचारलं नसावं. तो प्रामाणिक मुलगा होता. "वाचून सांगतो," म्हणाला आणि गेला.

माझा बेत पक्का होता. सीट बसवायची, दिरांचं मनगट बरं झालं की मागे बसायचं आणि खडकवासल्याला जाऊन एक कणीस खाऊन यायचं. हे असताना जे झालं नाही ते यांच्या गाडीकडून करून घ्यायचं. यात थोडा सूड होता. दुःखात सूड चालतो की नाही, मला माहीत नाही. मी कुठे वाचलेलं नव्हतं.

मनगट बरं झालं तसं एका सकाळी आम्ही गॅरेजमध्ये गेलो, कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत. यांच्या तिन्ही स्कूटरी तिथेच जात. दिरांनी गाडी ढकलत नेली, मी बरोबर चालले. गॅरेजवाल्याने यांच्याबद्दल दोन शब्द बोलून घेतले, मग क्लचचा दांडा पाहिला. मी सीटचं सांगितलं.

"त्याला काय, काकू," तो म्हणाला. "कंपनीने साध्या गाडीलाच वरून हे कव्हर बसवलंय. खाली सीटची भोकं तशीच आहेत. अर्ध्या तासाचं काम."

"यांना माहीत होतं हे?"

"काकांना? पहिल्या सर्व्हिसिंगलाच त्यांनी कव्हर काढायला लावलं होतं. आत वाकून बघितलं, म्हणाले, बरं, लाव परत."

मग त्याने विचारलं, "बसवू का?"

"आधी दांडा कर," मी म्हणाले.

त्याने मला प्लॅस्टिकचं स्टूल दिलं. मी बसले. म्हणजे गाडी कंपनीने तशी काढली होती, हे कारण नव्हतं. अर्ध्या तासाचं काम होतं आणि हे त्यांना ठाऊक होतं. भोकं पाहून त्यांनी ती झाकून टाकली होती. जे विचारायला माणूस उरला नव्हता त्याचं उत्तर मला असं गॅरेजमध्ये मिळालं, आणि ते मला हवं तसं नव्हतं.

माझ्या पिशवीत पुस्तक असतं. काय करावं ते न सुचून मी ते काढलं आणि वाचू लागले. पहिलं पान नुसतंच डोळ्यांखालून गेलं. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर मी वाचू लागले होते. खरोखर वाचत होते.

"वहिनी," दीर म्हणाले.

मी वर पाहिलं नाही.

"वहिनी, सीटचं काय करायचं?"

मला राग आला. तो राग माझ्या फार ओळखीचा होता. वाचताना कोणी हाक मारली की मला असाच राग येतो; लहानपणापासून येतो. आणि मग ध्यानात आलं की लग्नाच्या पहिल्या एक-दोन महिन्यांनंतर यांनी मला वाचताना कधी हाक मारली नव्हती. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की ते उठून गॅस बंद करत. दाराची बेल वाजली की स्वतः जात आणि आलेल्या माणसाशी जिन्यात उभं राहून बोलत. चित्रफितीतलं पडणं दाखवायला हाक मारायची तीसुद्धा माझं पुस्तक मिटलेलं पाहून. घरातल्या घरात मी रोज काही तास अशा ठिकाणी जात होते जिथे दुसऱ्याला बसायला जागा नव्हती. मी कुठे बसू, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. रिक्षा आहेत, असं सांगायची वेळ माझ्यावर आणली नाही.

त्यांना जे हवं होतं त्यात मी नव्हते. हे खरं होतं. मला जे हवं होतं त्यातही ते नव्हते, आणि तरी आम्ही एका स्कूटरवरून आयुष्यभर नीट ये-जा केली होती. गॅरेजात स्टुलावर बसून मला हे कळलं तेव्हा बरं वाटलं असं म्हणता येणार नाही. पण राग गेला.

"सीट नको," मी म्हणाले. "आहे तशी राहू द्या."

"नक्की?" दीर म्हणाले. "तुम्ही तर त्या पोराला इतकं ठणकावून सांगितलं होतं."

"त्याला वाचू दे. त्याचं वाचन वाढतंय."

दिरांनी मग पैजेसारखं मनावर घेतलं. सकाळी लवकर येऊन सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारल्या. पुढे रस्त्यावर गेले. एका रविवारी खडकवासल्याला जाऊन आले आणि आल्यावर हेल्मेट मांडीवर ठेवून बराच वेळ काही न बोलता बसले. मोकळा माणूस असा बसला की काळजी वाटते. मी विचारलं, काय झालं.

"काही नाही," म्हणाले. "तिथे कोणी काही विचारत नाही."

काही दिवसांनी जावेचा फोन आला.

"वहिनी, आता हेसुद्धा रविवारचे गायब असतात. घरात कामं पडलीत. मला म्हणाले, दादाला शब्द दिलाय. मी म्हटलं, कावळ्याला दिलाय. सीट बसवून घेणार होतात ना तुम्ही? का नाही घेतलीत?"

"अर्ध्या तासाचं काम आहे," मी म्हणाले. "तुला हवी असली तर बसवून घे."

"नको," म्हणाली. "माझी मालिका असते तेव्हा."

गाडी आता वारज्याला असते. ती विकलेली नाही आणि चालवली जाते. सहीवरचा ओरखडा तसाच आहे. दीर पंधरा दिवसांनी येतात, कधी तीन आठवड्यांनी. तिसरी स्कूटर मी गॅरेजवाल्याला देऊन टाकली. बाहेर जायचं झालं की रिक्षाने जाते. रविवारी सकाळी मी घरी एकटी असते आणि वाचते. तशी पूर्वीही असायचे. दीड तासाने आता कोणी परत येत नाही, म्हणून कधी कधी दुपार होते तरी मी वाचतच असते.